जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना : माझा अनुभव

जामीन मंजूर होऊनही माझा धाकटा भाऊ महिनाभराहून जास्त काळ तुरुंगात राहिला. कारण एकच, २५ हजारांची हमी घेणारा जामीनदार आम्हाला मिळत नव्हता. तुरुंगातल्या भेटीच्या, म्हणजे मुलाखतीच्या, रांगेत कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा आत असलेल्या बायका भेटायच्या आणि त्यांतल्या कित्येकींच्या पिशवीत बेल ऑर्डरची झेरॉक्स असायची. देशातल्या कैद्यांत चारातले तीन जण अजून दोषी ठरलेलेच नाहीत, नुसते खटल्याची वाट बघत आत आहेत. त्यांच्या घरच्यांना उपयोग होईल म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

भाऊ गोदामात हमाली करायचा. माल चोरीला गेला, पोलिसांनी कामावरच्या काही जणांना उचललं, त्यात तोही होता. केस चालू आहे, म्हणून गुन्ह्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

खासगी वकिलाची फी माझ्या शिलाईकामातून निघण्यासारखी नव्हती. रांगेतल्याच एका मावशींनी मला १५१०० हा नंबर दिला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही हेल्पलाइन आहे. त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जायला सांगितलं. मी उत्पन्नाचा दाखला काढायच्या धावपळीत होते, तर तिथल्या स्वयंसेविका म्हणाल्या, "ताई, तो राहू द्या. माणूस कोठडीत आहे ना, मग उत्पन्नाची अट नाही." १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमातच हे आहे. कोठडीतला माणूस, बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती, दिव्यांग, कारखान्यातला कामगार, या सगळ्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी गरिबी सिद्ध करावी लागत नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज साधा होता, मी तिथेच बसून भरला.

भावाची केस लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे आरोपींसाठी असलेल्या विधी सेवेच्या वकिलांच्या कार्यालयातल्या, एका वकील मॅडमकडे गेली. हे वकील पगारी असतात, खासगी केस घेत नाहीत. 'फुकटचा वकील तारखेला येत नाही' असं मला चार जणांनी ऐकवलं होतं. मॅडम पहिल्या तारखेच्या आधीच तुरुंगात जाऊन भावाला भेटून आल्या. त्याच्या गुडघ्याचं दुखणं, गावाकडे आई एकटी असते, हे सगळं त्यांच्या अर्जात होतं. जामीन मिळाला : २५ हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार.

'स्थानिक' या शब्दावर आमचं घोडं अडलं. आम्ही मूळ बीड जिल्ह्यातले. शहरात आमच्या ओळखीचे सगळे आमच्यासारखेच, भाड्याच्या खोलीत राहणारे आणि रोजंदारीवर जाणारे. जामीनदाराला ओळखीचा नि पत्त्याचा पुरावा लागतो, शिवाय ऐपत दाखवावी लागते, म्हणजे पगाराची स्लिप, घराची कर पावती, सातबारा किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. याआधी कितीजणांना जामीन राहिलात, तेही शपथेवर सांगावं लागतं. आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम जामीनदाराकडून वसूल होते. त्यामुळे ज्यांच्याकडे कागद होते तेही कचरायचे, आणि मी त्यांना दोष देत नाही. शेवटी चुलतभाऊ गावाहून रात्रीच्या एसटीने आला, दोन एकरांचा सातबारा घेऊन. न्यायालयात टेबलावरच्या माणसाने सातबारा उलटापालटा केला आणि म्हणाला, "बाहेरच्या जिल्ह्याचा चालत नाही." चुलतभावाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उभाच राहिला. त्याची दोन दिवसांची मजुरी बुडाली होती.

त्याच दुपारी गेटजवळ एकाने गाठून विचारलं, जामीनदार पाहिजे का, पैसे द्या, उभा करतो. मला मोह झाला हे खरं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होईल आणि वर नवा गुन्हा लागेल. ज्यांना हे सांगणारं कुणी नसतं, ते कर्ज काढून अशा माणसाच्या हातात पैसे ठेवतात. मला याचा फार संताप येतो.

मग मॅडमनी मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचा जामीनदार असाच नाकारला होता, मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. मी जन्मलेही नव्हते तेव्हाचा हा निकाल, आणि माझा चुलतभाऊ त्याच कारणासाठी परत पाठवला गेला होता. पुढे ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सूचना दिल्या. जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात हमी भरता आली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका लांबते, म्हणून अशा वेळी ती अट घालू नये, असंही त्यात सुचवलं आहे.

मॅडमनी या दोन्हींचा आधार घेऊन अट शिथिल करण्याचा अर्ज दिला. सोबत माझं शपथपत्र जोडलं : महिन्याची कमाई, खोलीचं भाडं, आईचं औषध. रोख जामिनाचा, म्हणजे जामीनदाराऐवजी पैसे भरण्याचा, पर्यायही मागितला होता. २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजनाही आहे, त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी रक्कम मिळू शकते, पण त्याला जिल्ह्याच्या समितीची मंजुरी लागते. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, सरकारी वकिलांचं म्हणणं ऐकलं आणि 'स्थानिक' हा शब्द काढून टाकला. रक्कमही १५ हजारांवर आणली. चुलतभाऊ तोच सातबारा घेऊन पुन्हा आला, आणि या वेळी तो स्वीकारला गेला. सुटकेचा आदेश तुरुंगात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, त्यामुळे भाऊ दुसऱ्या दिवशी बाहेर आला.

ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी बेल ऑर्डरची प्रत हातात आल्याबरोबर अटी कुणाकडून तरी वाचून घ्याव्यात आणि झेपत नसतील तर त्याच आठवड्यात विधी सेवा कार्यालयात जाऊन तसं लेखी द्यावं. तुरुंगातही विधी सेवेचे वकील नि स्वयंसेवक भेटीला येतात. आतल्या माणसाला त्यांच्याकडे नाव द्यायला मुलाखतीत आवर्जून सांगा.

भाऊ आता प्रत्येक तारखेला हजर राहतो. गोदामाने परत कामावर घेतलं नाही. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी असल्यामुळे बाहेरगावचं काम घेता येत नाही, म्हणून हजेरी महिन्यातून एकदा करावी असा अर्ज मॅडमनी दिला आहे. त्यावर पुढच्या तारखेला सुनावणी आहे.