भिंग

ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे वेबपानावरच्या चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर, मी बरीच वर्षं लिहितेय, पण तो कानाने कधी ऐकलाच नव्हता. परवा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, सुरू केला, मॉनिटर बंद केला आणि आमच्याच साइटवर टॅब दाबत गेले. आवाज म्हणाला, ‘लिंक, ग्राफिक, भिंग.’

भिंग? क्षणभर मलाच कळेना. मग आठवलं, ते शोधाचं बटण! दिसतं तेच मी इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं. ऐकणाऱ्याला भिंगाशी काय देणंघेणं? दाबल्यावर काय होतं, ते त्याला हवं. तिथे ‘शोधा’ लिहिलं.

पुढे तर आवाज फाइलचं नाव आकड्यांसकट वाचू लागला. तिथे लिंक असलेल्या चित्राला ऑल्टच नव्हता. ऑल्ट नसणं वेगळं आणि मुद्दाम रिकामा ठेवणं वेगळं. रिकामा असला की स्क्रीन रीडर चित्र गुपचूप ओलांडून जातो. नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला तेच बरं.

खरी कसोटी सायकलच्या फोटोची. एकच फोटो दोन पानांवर होता. साखळी कशी बसवायची, त्या लेखात मी लिहिलं होतं ‘भिंतीला टेकवलेल्या लाल सायकलचा फोटो’. रंग आला, भिंत आली, साखळी कुठेच नाही! आता तिथे ‘साखळी मागच्या दातेरी चक्रावरून सुटून खाली लोंबते आहे’ असं आहे. ‘फोटो’ शब्द काढला, कारण ‘ग्राफिक’ असं आवाज आधीच सांगतो. दुसऱ्या पानावर तो फोटो नुसती जागा भरायला होता, तिथे ऑल्ट रिकामा केला.

एका पानावर मराठी ऑल्ट भलत्याच उच्चारात ऐकू आला. टेम्प्लेटमधली भाषेची खूण ‘ईएन’ म्हणजे इंग्रजीच राहिली होती, ती मराठीची ‘एमआर’ केल्यावर मराठी आवाज आला.

डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं; त्यांच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून चित्रांना पर्यायी मजकूर देण्याचा मुद्दा यादीत सर्वांत वर आहे. मी मात्र तो रकाना पान चढवताना, शेवटच्या मिनिटाला भरायचे.

आमच्या एसईओवाल्याचं, म्हणजे साइट सर्च इंजिनात वर आणायचं काम करणाऱ्याचं, मत वेगळं. त्याने एका चित्राला ‘सायकल, सायकल दुरुस्ती, सायकल साखळी, सायकल टिप्स’ असा ऑल्ट दिला होता. वाद घातला नाही. हेडफोन त्याच्या कानाला लावले आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या फेरीतल्या तिसऱ्या ‘सायकल’ला त्याने ते काढून टेबलावर ठेवले.