आमची वाटचाल : यीस्टवर आलेलं किटाळ

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातलं आमचं होमब्रूचं, म्हणजे घरी बिअर करायच्या सामानाचं दुकान मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), यीस्ट आणि काचेचा हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारं उपकरण) यांवर उभं राहिलं. सुरुवातीची वर्षं चांगली गेली. सांगायचंय ते त्यानंतर आलेल्या किटाळाबद्दल.

त्याच रस्त्यावर एक मोठं दुकान आलं. त्यांनी भाव पाडले, ते मी समजू शकतो. पण बिअरच्या प्रत्येक किटसोबत ते रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) द्यायला लागले आणि आंबवण झाल्यावर तो कसा वाचायचा, हे मात्र कुणालाच सांगेनात. किटमधला मॉल्टच्या अर्काचा 1.7 किलोचा डबा, किलोभर साखर, पाणी घालून एकूण 23 लिटर. सुरुवातीला 10 ब्रिक्स (वजनाने 10 टक्के साखर), म्हणजे पाण्याच्या 1.040 पट घनता. आठवड्याभराने आकडा 5 वर येऊन अडायचा. तक्त्यात 5 म्हणजे 1.020, म्हणजे निम्मी साखर तशीच उरलेली. झालं! 'त्यांचं यीस्टच मेलेलं असतं,' असं पलीकडच्या काउंटरवरून बिनदिक्कत सांगितलं जायचं. लोक पैसे परत मागायला यायचे. आम्ही दिलेही. दुकानाचं भाडं थकलं, बायकोच्या पगारावर घर चाललं. तो काळ मी विसरलेलो नाही.

आम्हाला तारलं ते आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाने. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले इटालियन गृहस्थ. मी त्यांना काका म्हणायचो, तेही ओ द्यायचे. होमब्रू क्लबच्या बैठकीत त्यांनी टेबलावर तराजू मांडला, 10 ग्रॅम साखर 90 ग्रॅम पाण्यात विरघळवली आणि दोन्ही उपकरणं लावली. रिफ्रॅक्टोमीटर 10, हायड्रोमीटर 1.040. दोघांचं एकमत. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर त्यांनी व्होडकाचा थेंब टाकला. साखरेचा कण नसताना रेघ चांगलीच वर चढली! तीच व्होडका नळकांड्यात ओतली, तर हायड्रोमीटर पट्टीच्याही खाली बुडाला. अल्कोहोल एकाला चढवतं, दुसऱ्याला बुडवतं. शेवटी त्यांनी आमच्या यीस्टची तयार बिअर दोन ग्लासांत उलटसुलट ओतून तिचा गॅस घालवला. रिफ्रॅक्टोमीटर 5 वर, हायड्रोमीटर 1.010 वर. यीस्टने आपलं काम चोख केलं होतं.

म्हणून सांगतो, तयार बिअरला हायड्रोमीटरच लावा. रिफ्रॅक्टोमीटरच वापरायचा असेल तर सुरुवातीचा आकडा धरून दुरुस्ती करा. नमुना काढल्यावर हायड्रोमीटर बोटांनी गरकन फिरवा, नाहीतर दांड्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात. डोळा द्रवाच्या पातळीला आणा. 20 अंशांवर बेतलेला हायड्रोमीटर 30 अंशांच्या वर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या गोड द्रवात) साधारण अडीच पॉइंट, म्हणजे 0.0025 कमी दाखवतो. जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, गॅरेजमध्ये बिअर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डब्याच्या वर्टमध्ये वरून पाणी घातलंत तर तळापासून ढवळा, नाहीतर सुरुवातीचाच आकडा खोटा येतो. आणि हायड्रोमीटर पडला, फुटला नाही, म्हणून खुश होऊ नका. आतली कागदी पट्टी सरकली असेल, तर तो जन्मभर चुकीचं सांगणार.

त्या बैठकीनंतर गिऱ्हाइकं हळूहळू परतली. पलीकडच्या दुकानाने आजवर एका शब्दाने खुलासा केलेला नाही. आमच्याकडे मात्र हायड्रोमीटर विकताना तो 20 अंशांच्या डिस्टिल्ड पाण्यात गिऱ्हाइकासमोर सोडला जातो. 1.000 आला तर ठीक, दोन पॉइंटांचा फरक असेल तर तेवढा त्याच्या डबीवर पेनने लिहून देतो.