मेनवरचा फोर्स पुश

गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात गोव्यात पर्वरीच्या आमच्या ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. हॉटेल बुकिंगच्या कोडवर काम करणाऱ्यांत एक मुलगा नुकताच कॉलेजातून आलेला. आमचा कोड गिटमध्ये असतो; गिट म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं साधन. एकेका नोंदीला कमिट म्हणतात, आणि कमिट सर्व्हरवर पाठवणं म्हणजे पुश. दुपारी त्याचा पुश नाकारला गेला. स्क्रीनवर 'फेच फर्स्ट' असं आलं. म्हणजे सर्व्हरवरच्या मेन या सगळ्यांच्या मुख्य ब्रँचवर त्याच्याकडे नसलेले कमिट आहेत. अशा वेळी आधी गिट पुल करायचं, म्हणजे ते कमिट आणून आपल्या कामात मिसळायचे, मग पुश. त्याने नेटवर शोधलं आणि जे पहिलं उत्तर मिळालं ते चालवलं: गिट पुश --फोर्स, म्हणजे सर्व्हरवर काहीही असो, तिथे आपलंच ठेवायचं. तिघांचं काम मेनवरून दिसेनासं झालं.

कॉलेजात ॲड, कमिट, पुश हे तीन शब्द पाठ करून घेतात, पण ब्रँच म्हणजे काय ते सांगत नाहीत. ब्रँच म्हणजे फाइलींचा गठ्ठा नव्हे. ती एका कमिटचा ४० अक्षरी क्रमांक लिहिलेली छोटीशी नोंद असते. फोर्सने फक्त ती नोंद बदलते. जुने कमिट लगेच पुसले जात नाहीत, त्यांच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरत नाही, एवढंच.

त्याच्या टर्मिनलवर 'फोर्स्ड अपडेट'च्या ओळीत जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक आखूड रूपात छापलेले होते. ती खिडकी बंद करू नकोस, असं आधी सांगितलं. पण फेच, म्हणजे सर्व्हरवरचे नवे कमिट आपल्या मशीनवर आणून ठेवणं, त्याने केलेलंच नव्हतं, त्यामुळे जुना क्रमांक समोर असूनही ते कमिट त्याच्या मशीनवर नव्हते.

आमची एक सहकारी फोंड्याहून घरून काम करत होती. तिथे पावसाने सकाळपासून वीज गेलेली, लॅपटॉप बंद. तिला फोन केला, "चालू कर, पण नेट जोडू नकोस." तिच्या मशीनवरच्या 'ओरिजिन/मेन'मध्ये, म्हणजे शेवटच्या फेचच्या वेळी सर्व्हरवरचा मेन कुठे होता त्या नोंदीत, जुनाच क्रमांक असणार होता. कोड लिहायचे काही एडिटर आपणहून फेच करतात, म्हणून ही काळजी. फेच झालं असतं तरी 'गिट रिफ्लॉग शो ओरिजिन/मेन'मध्ये जुनी जागा सापडली असती. रिफ्लॉग म्हणजे ब्रँच कुठून कुठे हलली त्याची यादी; तो त्या त्या मशीनपुरता असतो आणि एरवी ९० दिवस टिकतो. त्या ब्रँचच्या आताच्या वाटेवर नसलेल्या कमिटची नोंद ३० दिवस. तिने 'गिट लॉग -१ ओरिजिन/मेन' वाचून दाखवलं. क्रमांक जुळला. मग त्या कमिटवर 'बचाव' नावाची नवी ब्रँच काढली, 'गिट ब्रँच बचाव ओरिजिन/मेन', आणि मोबाइलचं नेट जोडून ती सर्व्हरवर पाठवली, 'गिट पुश ओरिजिन बचाव'.

पुढची पायरी मला फार आवडते. बहुतेक जण इथे मेन मागे नेण्यासाठी पुन्हा फोर्स मारतात. त्याची गरज नव्हती. मुलाच्या मशीनवर गिट फेच, मग त्याच्याच मेनवर दोन्हीकडचं काम एकत्र करणारं 'गिट मर्ज ओरिजिन/बचाव'. बिलाच्या एका फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे बदल. वरचा भाग त्याचा, बरोबरच्या चिन्हांच्या रांगेखालचा बाकीच्यांचा. दोन्ही वाचून हवं ते ठेवलं, तिन्ही खुणांच्या ओळी काढल्या, ॲड, कमिट. आता मेनमध्ये सगळ्यांचं काम होतं आणि साधा पुश निमूटपणे गेला.

खरं नुकसान झालं ते दुसऱ्याच टेबलावर. एका अनुभवी सहकाऱ्याने गोंधळ ऐकून आपल्या लॅपटॉपवर फेच केलं आणि लगेच 'गिट रिसेट --हार्ड ओरिजिन/मेन' चालवलं, म्हणजे आपल्या फाइली सर्व्हरवरच्या मेनसारख्या करून टाकल्या. सकाळपासूनचं काम कमिट केलेलं नव्हतं, तेही गेलं. एक फाइल ॲड केलेली, म्हणजे पुढच्या कमिटसाठी गिटकडे दिलेली होती. ती 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड'ने मिळाली, पण नाव नसलेली, नुसता मजकूर. बाकीच्या फाइलींतले बदल गिटकडे दिलेलेच नव्हते, रिफ्लॉगमध्ये कुठून येणार? मला अजून तीच कमांड खटकते. नवख्याच्या फोर्सने कायमचं काहीच गेलं नाही, जाणत्याच्या घाईने गेलं. कमिट न केलेलं काय आहे ते 'गिट स्टेटस' दाखवतं, ते आधी पाहायला कितीसा वेळ लागतो?

तरी ऑफिसात बोल लागला तो मुलालाच. मेनवर फोर्स पुश बंद ठेवायचं सेटिंग सर्व्हरवर असतं. रिपॉझिटरी उघडतानाच ते लावायला हवं होतं. संध्याकाळी ते लावलं. स्वतःच्या फीचर ब्रँचवर, म्हणजे एका कामापुरत्या ब्रँचवर, फोर्स लागलाच तर '--फोर्स-विथ-लीज' वापरायचा, असंही ठरलं: आपण शेवटचं फेच केल्यानंतर त्या ब्रँचवर दुसऱ्याने काही टाकलं असेल, तर तो अडतो. मात्र पुश करण्याआधी एडिटरने गुपचूप फेच केलेलं असेल, तर तोही अडवत नाही.

नव्याने येणाऱ्यांना आता सरावाची रिपॉझिटरी देतो. त्यात कमिट मुद्दाम हरवायचा आणि रिफ्लॉग वाचून परत आणायचा, मगच मेनला हात.