ध्येयं लिहिण्याआधी तास आणि रुपये मोजले

नोकरी लागल्यावर पहिले तीन महिने एकही ध्येय लिहायचं नाही, फक्त मोजायचं, इथून मी सुरुवात केली. ऑफर लेटर हातात असताना लिहिलेली ध्येयं सीटीसीवर, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चावर, बेतलेली असतात, आणि सीटीसी खात्यात कधीच येत नाही.

४ लाख २० हजारांचं पॅकेज म्हणजे कागदावर महिना ३५,०००. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो: मूळ पगार १७,५००, त्याच्या १२ टक्के म्हणजे २,१००. (काही ठिकाणी पीएफ १५,००० वरच कापतात, तिथे हा आकडा १,८०० होतो.) ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ८४२. हे वजा जाता स्लिपवर ३२,०५८ उरतात. त्यातून माझ्या वाट्याचे २,१०० पीएफचे आणि २०० व्यवसाय कराचे गेले की हातात २९,७५८. नव्या करप्रणालीत या पगाराला आयकर लागत नाही, त्यामुळे कर वाचवण्यासाठी म्हणून गळ्यात मारलेली कुठलीही पॉलिसी घ्यायची गरज नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची सवलत फक्त जुन्या प्रणालीत मिळते. इथे तिचाही उपयोग शून्य.

वेळेचंही तसंच. आठवड्याचे १६८ तास. झोप ५२, ऑफिस ४५, पुण्यात कर्वेनगर ते हिंजवडी येणं-जाणं साडेबारा, अंघोळ-जेवण-कपडे-झाडलोट साडेसतरा. वजाबाकी केली की ४० च्या वर तास शिल्लक दिसतात. तीन महिने रोज रात्री वहीत खरे तास लिहिल्यावर कळलं की डोकं ताळ्यावर असलेले तास आठवड्याला जेमतेम ९ आहेत, आणि त्यातले निम्मे शनिवार-रविवारचे. बसमध्ये उभ्यानं गेलेला सव्वा तास अभ्यासाचा धरता येत नाही. ध्येयं या ९ तासांतच बसवायची होती.

पैशांच्या ध्येयाची तारीख मला ठरवावी लागली नाही, ती कर्जानंच ठरवून दिली होती. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होतो. परीक्षा जूनमध्ये संपली असेल तर पुढच्या जुलैपासून. या सवलतीच्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ४ लाख बाकी, दर १०.५ टक्के, म्हणजे महिन्याचं व्याज ३,५००. ते वर्षभर भरलं नाही तर ४२,००० मुद्दलात जाऊन बसतात आणि पुढे त्यांच्यावरही व्याज लागतं. सात वर्षांच्या मुदतीत त्या ४२,००० चे सुमारे ५९,५०० होतात. व्याज भरत राहिलं तर हप्ता ६,७५० च्या आसपास राहतो, नाही तर ७,४५० होतो. म्हणून पहिलं ध्येय असं लिहिलं: ‘दर महिन्याच्या ७ तारखेला ३,५०० व्याज, जूनपर्यंत.’ भरताना बँकेच्या शाखेत एकदा विचारून घ्यावं की रक्कम व्याजाच्या खात्यातच जमा होते ना, आणि पावती जपून ठेवावी.

दुसरं ध्येय तीन महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी. खोलीचं भाडं, मेस, प्रवास, फोन धरून खर्च १७,००० येत होता, म्हणून लक्ष्य ५१,०००. मोजणीचे तीन महिने संपले ऑक्टोबरमध्ये, हप्ता जुलैत. हातात आठ महिने. २९,७५८ मधून खर्च १७,०००, घरी ४,०००, व्याज ३,५०० गेले की उरतात ५,२५८, म्हणजे आठ महिन्यांत ४२,०००. नऊ हजार कमी. अशा वेळी ‘बचत वाढवीन’ असं लिहून काही होत नाही, कुठली कात्री कुठे लावायची ते लिहावं लागतं. मी गावी जाणं महिन्यातून तीनदाचं एकदावर आणलं आणि रविवारच्या बाहेरच्या जेवणांतली दोन कमी केली. १,३०० सुटले. आता उरणारे ६,५५८. आवर्ती ठेव मात्र ६,५०० ची नाही, ६,४०० ची काढली, कारण महाराष्ट्रात फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात आणि त्या महिन्यात ६,४५८ च उरतात. बेचाळीस रुपयांसाठी हप्ता चुकला तर दंड आणि मनस्ताप दोन्ही. ६,४०० गुणिले आठ, ५१,२००.

ठेवीची तारीखही पगाराच्या तारखेला चिकटवू नये. पगार एक तारखेला येतो म्हणतात, पण मध्ये रविवार, सणाची सुट्टी, कधी एचआरची दिरंगाई. १ तारखेची आपोआप वजावट एकदा फुकट गेली की बँक शुल्क लावते. ७ तारीख बरी.

पीएफ या हिशेबात धरलेला नाही, पण त्याची केवायसी पहिल्याच महिन्यात तपासून टाकावी. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असतं, मधलं वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही. यूएएनवर (पीएफच्या कायम खाते-क्रमांकावर) आणि आधारवर नाव जुळत नसेल तर पुढे नोकरी बदलताना पैसे हलवायला महिने जाऊ शकतात.

तिसरं ध्येय जर्मन भाषेचं, आणि सगळ्यात जास्त गणित इथेच चुकतं. पुण्यात ‘सहा महिन्यांत बी-१’, म्हणजे भाषेची मधली पातळी, असं सर्रास बोललं जातं. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज बी-१ साठी ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास असा आहे. कमीत कमी धरले तरी घड्याळाचे २६२ तास. माझ्या ९ तासांतले ५ दिले तर ५२ आठवडे, आणि वरची मर्यादा धरली तर जवळपास दोन वर्षं. म्हणून वहीत ‘बी-१’ लिहिलंच नाही. ‘जूनअखेर १७० तास’ लिहिलं. नोव्हेंबर ते जून ३५ आठवडे, पाचच्या हिशेबानं १७५. पाच तास आजारपणाला. निकाल आपल्या हातात नसतो, तास असतात.

वाटणी अशी: मंगळवार आणि गुरुवार सकाळी साडेसहाला एकेक तास, शनिवारी तीन. संध्याकाळ ठेवून पाहिली होती, ऑफिसात नवं सॉफ्टवेअर बाहेर काढायच्या (रिलीजच्या) आठवड्यात ती हमखास जाते. ॲपवरच्या सलग दिवसांची गणती ध्येय म्हणून धरू नये. रोज पाच मिनिटं करून ती टिकते आणि लिहिता-बोलता मात्र काही येत नाही. बी-१ च्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, आणि ते वेगवेगळे देता येतात. अनेकांचं अडतं बोलण्यात. त्यामुळे शनिवारच्या तीनपैकी एक तास फक्त मोठ्यानं बोलण्याला, खोलीतला पार्टनर हसला तरी. ए-१ ची, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीची, परीक्षा न देताही थेट बी-१ ला बसता येतं. व्हिसासाठी लागत नसेल तर ते शुल्क वाचतं.

उरलेले ४ तास मोकळेच ठेवले. ते भरायचा मोह फार होतो.

कॅट (एमबीएची प्रवेशपरीक्षा), एमपीएससी, दुसरी नोकरी, व्यायामशाळा यांची ‘आत्ता नाही’ अशी वेगळी यादी केली आणि प्रत्येकासमोर पुन्हा विचार करायचा महिना लिहिला. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी होते, म्हणून तिच्यासमोर मार्च. महिना लिहिला नाही तर ती गोष्ट रोज रात्री डोक्यात वळवळत राहते.

तपासणी रविवारी सकाळी, वीस मिनिटं. वहीत तीनच आकडे: भरलेलं व्याज, ठेवीतली शिल्लक, झालेले तास. सलग दोन आठवडे तास तीनपेक्षा खाली गेले तर पुढच्या आठवड्याचं लक्ष्य पाचवरून तीनवर आणायचं, राहिलेले तास वाढवून घ्यायचे नाहीत. थकबाकी जमली की माणूस वहीच उघडत नाही. जूनची तारीख मात्र हलवायची नाही, १७० ऐवजी १५० झाले तर १५० लिहायचे.

जुलैपासून व्याजाचे ३,५०० थांबतात आणि ६,७५० चा हप्ता सुरू होतो. ठेव संपलेली असते, म्हणून महिन्याला ३,३०८ उरतात. त्यातले २,००० मी मुद्दलात जादा भरतो. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. फक्त जादा रक्कम पुढच्या हप्त्यात न वळवता मुद्दलात जमा करा, असं बँकेला लेखी देऊन ठेवावं.