डिसेंबरातली मे महिन्याची सुट्टी

गेल्या आठवड्यात भावाचा फोन, "काय मग, तुमच्याकडे ख्रिसमसला बर्फबिर्फ पडला की नाही?" म्हटलं अरे बाबा फिजी आहे हे, सुवा, इथे सध्या सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी पण ओलाच असतो आणि एक आंघोळ करून बाहेर आलं की लगेच दुसरी घामाची. परदेश म्हणजे बर्फ, हे काही त्याच्या डोक्यातून जात नाही.

आम्हाला इथे तिसरं वर्ष. नवऱ्याचं पाण्याच्या प्रोजेक्टवर काम आहे, कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं आणि आम्ही पण राहत गेलो. आधीच्या दोन्ही डिसेंबरात अलिबागला जाऊन आलो होतो, यंदा चौघांच्या तिकिटांचा आकडा बघितला आणि लॅपटॉप बंद केला. शिवाय तो प्रवास, आधी सुवाहून चार तास गाडीने नांदी एअरपोर्ट (लिहिताना ते लोक नुसता डी लिहितात पण म्हणायचं न्द, त्यामुळे उच्चार अगदी नाटकाच्या नांदीसारखा, मला हे कळायला सहा महिने लागले), मग कुठेतरी एक-दोन ठिकाणी विमान बदला, आणि मुंबईला पोचेपर्यंत पोरांचे आणि माझे चेहरे सारखेच. तर ठरलं, यंदा इथेच.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी तोंड पाडून होते. मग एका दुपारी मार्केटला जाताना सिग्नलला गाडी थांबली आणि समोर बघते तर अख्खा गुलमोहर पेटलेला. इथे त्याला सेकोउला म्हणतात. डिसेंबरात फुलतो कारण इथला उन्हाळा डिसेंबरात. रस्त्यावर पाकळ्यांचा सडा, त्यावर शाळा सुटलेली पोरं बोंबलत चाललेली, आणि मला एकदम झालं की अगं हा तर मे महिना आहे! शाळेचं वर्ष डिसेंबरात संपतं, निकाल लागतो, जानेवारीच्या शेवटी वरच्या वर्गात. म्हणजे वार्षिक परीक्षा झाली, पास झालो, पुस्तकं माळ्यावर, आता हुंदडा. जूनऐवजी जानेवारी एवढाच फरक. आणि आंबे!

आंब्यांचं सांगितलंच पाहिजे. सुवाचं मोठं मार्केट बंदराजवळ आहे, खाली भाज्या-फळं, वरच्या मजल्यावर मसाले आणि यंगोना, म्हणजे कावा नावाचं पेय ज्यापासून करतात त्या मुळ्या. तिथे बहुतेक माल वजनावर नाहीच, वाट्यावर. टेबलावर टोमॅटोचा वाटा, मिरच्यांचा वाटा, भेंडीचा वाटा, आणि डिसेंबरात आंब्याचा. इंग्लिशमध्ये हीप म्हणतात पण मला पहिल्या दिवशीच तोंडातून "वाटा कसा दिला" आलं होतं आणि समोरच्या बाईने बरोब्बर ५ बोटं दाखवली, ५ डॉलर. आंबे बरेचसे पश्चिमेकडून येतात, तिकडे कोरडं असतं, सुवाला आपल्या कोकणासारखा धो धो पाऊस. हापूस नाही हं, उगाच आशा लावून घेऊ नका. दोरे असतात भरपूर, चोखून खायचे. मुलगी ११ वर्षांची आहे, तिला आधी ते दातात अडकतं म्हणून किळस वाटायची, यंदा मागच्या पायरीवर बसून कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर खात होती आणि मी काही बोलले नाही, फ्रॉकचे डाग गेले खड्ड्यात.

२० तारखेनंतर शहर रिकामं व्हायला लागलं. धक्क्यावर नुसती झुंबड, सगळे दुसऱ्या बेटांवरच्या आपापल्या गावी, कोण सावुसावुला चाललंय, कोण तावेउनीला, कोण कांदावूला, हातात विणलेल्या चटया, पोत्यातून दालो म्हणजे अळूचे कंद, कोणाकडे नवीन गादी, एका काकांनी तर पंखा उराशी धरलेला. जहाजावर जागा मिळेल का याचं टेन्शन सगळ्यांच्या तोंडावर. गणपतीला मुंबईहून निघालेल्या चाकरमान्यांची लाल डब्यापुढची गर्दी ज्याने पाहिलीय त्याला हे समजावायला नको.

आमच्या डाव्या हाताला जी आंटी राहते तिचे खापरपणजोबा गिरमिटवर आलेले. १८७९ ते १९१६ या काळात ६० हजारांवर माणसं हिंदुस्थानातून इथे उसाच्या मळ्यांवर आणली, ॲग्रिमेंटचं झालं गिरमिट. आंटीची हिंदी ऐकायला फार गोड, "हम लोग जाता", "तुम लोग आता", सगळ्यांना एकच क्रियापद, व्याकरणाची कटकट नाही. माझी हिंदी ऐकून ती हसते आणि म्हणते तू सिनेमासारखी बोलतेस. उजवीकडे बुबू. बुबू म्हणजे आजी, नाव आम्हाला आहे माहीत पण अख्खी गल्ली बुबूच म्हणते. ती यंदा गावाला गेली नाही, गुडघे, म्हणून गावच तिच्याकडे आलं. तीन मुलगे, सुना, किती नातवंडं ते मी मोजायचं सोडून दिलं. २४ च्या संध्याकाळी ती कुंपणापाशी आली आणि म्हणाली उद्या लोवो आहे, तुम्ही जेवायला आमच्याकडे. विचारलं नाही, सांगितलं.

लोवो म्हणजे जमिनीतली भट्टी. २५ ला सकाळी सगळे चर्चला गेले, पुरुष लुंगीसारखा सुलु नेसून, बायका लांब झग्यात, आणि ते गाणं, कुठल्याही वाद्याशिवाय चार सुरांत, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होतं. मी पोहे परतता परतता गॅस बारीक करून ऐकत उभी राहिले. आल्यावर मुलग्यांनी कपडे बदलले आणि मागच्या अंगणात खड्ड्यात लाकडं पेटवून त्यावर नदीतले काळे गोटे टाकले. गोटे तापून वरून पांढरट दिसायला लागले की जळती लाकडं ओढून काढायची, दगड सपाट पसरायचे, वर नारळाच्या झावळ्यांच्या विणलेल्या टोपल्यांमध्ये कोंबडी, डुकराचं मटण, मासे, कडेने दालो, रताळी, कसावा (ज्याचा आपण साबुदाणा करतो तेच हे कंद, म्हणजे तसा उपासाचाच पदार्थ डुकराला खेटून शिजत होता, आईला हे सांगितलेलं नाही). मग केळीची पानं, ओली पोती, आणि वरून माती. वाफ कुठून निघतेय ते बघत धाकटा सहा वर्षांचा हातात फावडं घेऊन पहारा देत होता.

नवरा म्हणाला, "अगं ही तर पोपटी!" पोपटीच की. आमच्याकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मधे कोंबडी, अंडी, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. ती पण याच दिवसांत, थंडी पडली की. सगळं कॅलेंडर उलटं झालेलं असताना एवढी एकच गोष्ट आपापल्या महिन्यात सापडली.

आणि अळू. इथे अळू म्हणजे जीव की प्राण, कंद तो दालो आणि पानं ती रोउरोउ. मी पहिल्या वर्षी ती हिरवीगार, पंख्याएवढी पानं बघून वेडी झाले होते, आणलं, शिरा काढल्या, पीठ लावून उंडे केले, पण घाईत चिंच कमी घातली. रात्री चौघंही घसा खाजवत बसलो, धाकट्याला दूध-साखर देऊन झोपवलं. बुबूला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ती डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसली आणि हाताने खूण केली, उकळ, अजून उकळ, अजून. तेव्हापासून मी तिची शिष्य. यंदा ख्रिसमसला मी ३० अळूवड्या नेल्या, भरपूर कोळ घालून, आणि तिच्याकडे होत्या पालुसामी, म्हणजे अळूच्या पानात कांदा आणि नारळाचं घट्ट दूध भरून केलेल्या पुड्या. आत डब्यातलं गोमांस पण घालतात. तर जेवायच्या वेळी माती बाजूला झाली, पोती उचलली, वाफेचा लोट आला, आणि बुबूने काठीने पुड्या उलथ्या करून चार वेगळ्या काढल्या. त्यांना केळीच्या सोपाची गाठ मारलेली होती, बाकीच्यांना नव्हती. "तुमच्या," म्हणाली. आम्ही काय खातो काय नाही हे मी तिला कधीतरी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असेल, तेही ओझरतं. उघडली तर आत अळू विरघळून गेलेलं, नारळाचं दूध फाटून वर तेलाचे थेंब, धुराचा वास. आमच्या फदफद्याची श्रीमंत मावशी म्हणा. अळूवड्या मुलग्यांनी कावासोबत चखणा म्हणून संपवल्या, मला थोडं दुखलं पण असो.

कावा खरा नवऱ्यानेच घेतला, मी फक्त एक बिलो, म्हणजे करवंटी. टाळी एक आधी, एका घोटात प्यायचं, तीन टाळ्या नंतर. चव चिखलाच्या पाण्याची, दोन मिनिटांत जीभ दाढ काढल्यासारखी बधिर. नवरा सात बिलो पिऊन घरी आला आणि काहीही न बोलता नऊला झोपला. असा शांत नवरा कोणाला नको असेल!

मग वादळाची गंमत. गंमत आता म्हणायची. नोव्हेंबर ते एप्रिल इथे सायक्लोनचा सीझन, २०१६ च्या विन्स्टनचं नाव काढलं तरी लोक गप्प होतात, ४४ माणसं गेली त्यात. तर २८ ला नांदीच्या हवामान खात्याचं बुलेटिन, उत्तरेला कमी दाबाचा पट्टा. वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरच्या वर गेला की बारसं होतं, तोवर नुसता नंबर. आंटी सकाळी सातला दारात, "बेटी, पानी भर के रखना." बादल्या, पातेली, कुकर, पोरांचा वाळूत खेळायचा डबा, सगळं भरलं. मेणबत्त्या, माशाचे डबे, बिस्किटांचे पुडे. सिगातोकाला वाळूच्या टेकड्या बघायला जायचं बुकिंग होतं ते रद्द, पैसे परत द्यायला त्या लोकांनी जे काही ताणलं त्यावर मी वेगळं लिहीन नाहीतर लिहिणारच नाही. दोन दिवस नुसता पाऊस, लाईट गेलेली, आम्ही चौघं पत्ते कुटतोय, मेंढीकोट पोरांना शिकवला, धाकटा हरला की पत्ते उधळायचा. आणि ते नंबरवालं वादळ नाव मिळायच्या आधीच समुद्रात विरून गेलं. मुलीला म्हणे वाईट वाटलं. मी भरलेल्या १४ भांड्यांकडे बघितलं.

३१ ला आभाळ उघडलं. बुबूने आधीच बजावून ठेवलेलं, १ तारखेला पोरांना जुने कपडे घाला, इथे नवीन वर्षाला एकमेकांवर पाणी ओततात. रात्री गल्लीच्या टोकाला पोरं बांबूच्या तोफा घेऊन जमली, जाड बांबू, आत थोडं रॉकेल, भोकाशी पेटती काडी, आणि असा आवाज की आंटीचा कुत्रा आमच्या सोफ्याखाली. बाराला सगळीकडून तेच, धाड धाड, मधूनच कोणाच्या तरी पातेल्यावर पळी.

आईला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही साडेसहा तास पुढे, म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे साडेपाच, ती शाल गुंडाळून ओट्याशी चहा गाळत होती. धाकटा ओरडला, "आजी, आमचं नवीन वर्ष आलं, तुझं जुनंच आहे!" ती म्हणाली असू दे रे, जुनं चांगलं चाललंय. रात्री शेतावर पोपटी आहे म्हणाली, मामा शेंगा घेऊन आलाय. मग मला, "तुम्ही काय केलंत आज?"

"आमरस-पुरी."

तिने गाळणं खाली ठेवलं. "डिसेंबरात? कुठला आंबा?"

"नाव नाही गं त्याला. वाट्यावरचा."

"बाई बाई. मग रस दाट होतो का तरी?"