गार्बेटची सोंड आणि माथेरानातली बारा किलोमीटरची पळापळ

होळी होऊन आठवडा झाला होता. डोंगर पिवळे पडलेले, ऊन तापायला लागलेलं, आणि आम्ही नवराबायको भिवपुरी रोड स्टेशनवरून गार्बेटची सोंड, म्हणजे माथेरानच्या डोंगराचा एक फाटा, चढून माथेरानात पळायला निघालो. सासूबाई म्हणाल्या, "पावसाळ्यात जातात तिकडं." त्यांचं निम्मं बरोबर होतं. गार्बेटच्या पठारावर मार्चमध्ये खरंच भाजून निघायला होतं. पण वरची झाडी गाठली की पळायला याहून चांगला महिना नाही. चिखल नाही, गर्दी कमी, आणि झाडांची सावली दाट.

पहाटेची कर्जत लोकल पकडून आम्ही उजाडता उजाडता भिवपुरीला उतरलो. खोपोली लोकलही चालते. स्टेशनवरून डिकसळमार्गे सागाच्या वाडीकडे वाट जाते. वाडीनंतर पाण्याचा भरवसा धरू नका. आम्ही माणशी तीन लिटर घेतलं होतं, त्यातलं अडीच गार्बेट पॉइंटवर पोचेपर्यंतच संपलं.

चढावर पळायचा विचार मी पहिल्या वीस मिनिटांत सोडला. वाळलेलं गवत, त्याखाली घसारा. पाय ठेवावा तर खडे छर्र्याच्या बंदुकीतल्या गोळ्यांसारखे सटकतात. नवरा पळणारा नाही, डोंगर चढणारा आहे. तो एका लयीत पुढं निघून गेला आणि दर वळणावर थांबून मला बिस्किटं दाखवत राहिला. खालच्या उतारावर पळस पेटलेला होता, काटेसावरीचा बहर मात्र सरत आलेला. एका कुसुमाच्या झाडाला इतकी लालभडक पालवी होती की लांबून मी ती फुलंच समजले.

पठारावर आम्ही चुकलो. तिथं ढोरवाटा इतक्या आहेत की प्रत्येकच खरी वाटते. रुळलेली दिसली म्हणून आम्ही खालची धरली आणि पंधरा मिनिटांनी करवंदीच्या जाळीत अडकलो. जाळी फुललेली होती, वास सुरेख होता, हातावर ओरखडे. मोळी घेऊन येणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "ही गुरांची वाट हाय. वरल्या अंगानं जा, धार सोडू नका." तेच तुम्हालाही सांगते: डोंगराची धार सोडू नका. आणि मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा.

स्टेशनपासून गार्बेट पॉइंटला आम्हाला पावणेचार तास लागले, त्यात चुकामूक धरून. धुरकट हवेत लांबचं काही दिसलं नाही, खाली पाली-भूतिवलीचं धरण तेवढं दिसलं. मी उन्हाला नावं ठेवत बसले होते, तर नवऱ्यानं आठवण करून दिली की ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली माथेरानला पहिल्यांदा आला तो मे महिन्यात.

झाडीत शिरलो आणि आमचं उलटं झालं. आता मी पुढं, तो मागं. दस्तुरीला, म्हणजे माथेरानच्या वेशीवरच्या नाक्यावर, प्रवेश कर भरा (सुटे पैसे ठेवा), पण तिथून बाजारापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पळू नका. पेव्हर ब्लॉकवर गुडघे बोलायला लागतात. बाजार ओलांडून दक्षिणेकडं वळा: रामबाग, अलेक्झांडर, वन ट्री हिल. मग पश्चिमेला शार्लोट तलाव, इको आणि लुईझा पॉइंट. जांभ्याच्या लाल मातीची वाट, वर अंजनीचं छत. अंजनीला निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके थेट फांदीला चिकटून आलेले होते. पळताना एवढंच दिसतं की फांद्यांना कुणीतरी निळा रंग लावलाय. मी थांबले ते हे बघायलाच. दमले होते हेही आहेच.

पळणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाच. घोडा दिसला की चालायला लागा. मागून धावत गेलात तर तो बिथरतो, आणि वर लहान मूल बसलेलं असतं. दुसरी म्हणजे माकडं. हातात पिशवी नको, खाऊ पाठीवरच्या बॅगेत, चेन लावून. माझं केळं शार्लोटपाशी गेलं. तलावात हातपाय धुवायला उतरू नका, गाव तेच पाणी पितं. बूट खोल नक्षीच्या तळाचे हवेत, कारण वाळक्या पानांखाली मुळं लपलेली असतात. मी दोनदा अडखळले, पडले नाही.

घड्याळात पळण्याचे 12 किलोमीटर भरले. बाजारात कोकम सरबताचे दोन-दोन ग्लास आणि वडापाव झाला. पाय उरले नसतील तर दस्तुरीपर्यंत मिनी ट्रेनची शटल आहे, उतरायचं अमन लॉजला. पुढं नेरळपर्यंत शेअर टॅक्सी. हाच बेत उलट्या दिशेनं करायचा मोह टाळा. दुपारच्या उन्हात त्या घसाऱ्यावरून उतरणं हे चढण्यापेक्षा वाईट.

रविवारी संध्याकाळी नेरळला लोकल येते ती कर्जतहूनच भरून. आम्ही कल्याणपर्यंत उभे होतो. डब्यातल्या एका आजींनी माझ्या लाल मातीनं माखलेल्या पायांकडं बघून विचारलं, "शेतावरनं आलात का गं?"