रेडवुडच्या जंगलात सांगलीचं भडंग

कॅलिफोर्नियातल्या स्टेट पार्कांत तंबूच्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार तर बघता बघता संपतात. आई-बाबा जुलैत सांगलीहून येणार होते, म्हणून जानेवारीतच मी लॉगिन करून तयारीत बसलो. प्रेरी क्रीक रेडवुड्स या उंचच उंच रेडवुड झाडांच्या पार्कातल्या एल्क प्रेरी कॅम्पला मधले वार मिळाले, आणि तेच चांगलं. गर्दी कमी, आई-बाबांना निवांतपणा.

दुसरं काम त्याच पार्कातल्या फर्न कॅनियन या घळीचं. १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात तिथे गाडी न्यायला वेगळं परमिट लागतं. ते छापूनच घ्या, कारण तिकडे फोनला रेंज मिळत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून १०१ हायवेने उत्तरेला सहा-सात तासांचा रस्ता आहे. एका दमात जाऊ नका. वाटेत हम्बोल्ट रेडवुड्समध्ये ‘ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ हा सुमारे ५० किलोमीटरचा जुना रस्ता हायवेला समांतर जातो, तो घ्याच. तिथल्या फाउंडर्स ग्रोव्हमध्ये १९९१ साली उन्मळून पडलेला डायरव्हिल जायंट हा अजस्र रेडवुड अजून तसाच आडवा आहे. बाबा खोडाच्या कडेकडेने चालत गेले, पण शेंडा काही लवकर येईना. सगळीकडे कुऱ्हाड चालू असताना ‘सेव्ह द रेडवुड्स लीग’ या संस्थेने १९१८ पासून वर्गण्या गोळा करून ही रानं विकत घेतली आणि सरकारच्या ताब्यात दिली. जुन्या रेडवुडपैकी आज जेमतेम पाच टक्के उरलंय. लोकांच्या वर्गणीतून वाचलेलं जंगल म्हटल्यावर बाबांचा चेहरा खुलला.

कॅम्पवर पोचलो आणि चेक-इनच्या खिडकीत रेंजरबाईंनी सगळ्यात आधी सांगितलं, खाण्याचा एक कणही जमिनीवर सांडू द्यायचा नाही. अस्वलांपासून बचावासाठी लोखंडी पेटी असतेच, खाणं-पिणं आणि साबण-टूथपेस्टसुद्धा तिच्यात ठेवायची. पण हा नियम एका पक्ष्यासाठी होता.

मार्बल्ड म्यूरलेट हा समुद्रावर जगणारा छोटा पक्षी. अंडं घालायला मात्र तो जुन्या रेडवुडच्या शेवाळलेल्या, रुंद फांद्यांवर येतो. घरटं बांधत नाही, आणि अंडं एकच. तो नेमकं कुठे अंडं घालतो हे इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. १९७४ साली बिग बेसिन पार्कमध्ये झाडावर चढलेल्या एका कामगाराला त्याचं पिल्लू दिसलं. कॅम्पवर कुरमुरे-पावाचे कण पडले की निळे, तुरेवाले ‘स्टेलर्स जे’ पक्षी आणि डोमकावळे तिथेच मुक्कामाला येतात, त्यांची संख्या वाढते आणि मग ते वर जाऊन म्यूरलेटची अंडी-पिल्लं खातात.

आई सांगलीला रोज सकाळी गच्चीवर पाखरांना दाणे टाकते. तिला हे कसं सांगावं, असं मला वाटत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “एकच अंडं?” मग भडंगाचा डबा उघडायच्या आधी तिने टेबलावर चादर अंथरली. एक ‘स्टेलर्स जे’ समोरच्या बाकावर मान वाकडी करून बसलाच होता. खाणं झाल्यावर चादरीची चारही टोकं धरून गाठोडं केलं, बॅटरीच्या उजेडात बाकाच्या फटीतला शेंगदाणा काडीने उकरून काढला आणि बाबांना म्हणाली, “अहो, सदरा झटकू नका इथे.”

फर्न कॅनियनचा रस्ता कच्चा आहे, मध्ये ओढे ओलांडावे लागतात, त्यामुळे गाडी हळू हाका. घळीच्या दोन्ही उभ्या भिंती नेच्यांनी झाकलेल्या असतात आणि वाट ओढ्यातूनच जाते. भिजले तरी चालतील असे बूट घाला. वाटेत एल्क या मोठ्या हरणांचे कळप दिसतात. फोटोसाठी जवळ जाऊ नका, पिल्लं सोबत असलेल्या माद्या अंगावर येतात.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, त्यातून झाडांचे रोग पसरतात. कॅम्पजवळच विकत घ्या. पेट्रोल आणि किराणा वाटेतल्या युरेका शहरात भरून घ्या, पुढे दुकानं तुरळक आहेत. कॅम्पवर खायला दशम्या, धपाटे, गुळाच्या पोळ्या न्या, म्हणजे सांडायचा प्रश्न कमी. भडंग, चिवडा, फरसाण गाडीत बसूनच खा, काचा लावून.